नमुना सुकायला इतका वेळ का लागतो? फ्रीज ड्रायिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेतला सामाईक फ्रीज ड्रायर (गोठवलेल्या नमुन्यातलं पाणी व्हॅक्यूमखाली थेट वाफ करून काढणारं यंत्र) सांभाळायला लागल्यापासून माझ्याकडे येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. कुणाचा नमुना तीन दिवस झाले तरी तळाशी ओला असतो, कुणाचा फेसाळून ट्यूबच्या तोंडाशी आलेला असतो, तर कुणाला "सोमवारी सकाळी मिळेल का?" एवढंच हवं असतं. ते प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. माझं मत आधीच सांगते: उशीर झाला की सगळे यंत्राकडे बोट दाखवतात, पण बहुतेक वेळा नमुना कसा भरला आणि कसा गोठवला तिथेच वेळ ठरून गेलेला असतो. म्हणून उत्तरांत जास्त जागा त्यालाच दिली आहे. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

१. बर्फ न वितळता थेट वाफ कसा होतो?

शुद्ध पाणी ६.११ मिलीबारपेक्षा कमी दाबाखाली द्रवरूपात टिकू शकत नाही. हा पाण्याच्या त्रिक बिंदूचा (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र राहू शकतात त्या स्थितीचा) दाब, तिथलं तापमान ०.०१ अंश. त्याखालच्या दाबात बर्फाला उष्णता दिली की त्याची सरळ वाफ होते. यालाच संप्लवन म्हणतात. ही वाफ थंडगार कंडेन्सरवर जाऊन पुन्हा बर्फ बनते आणि तिथेच अडकते. व्हॅक्यूम पंपाचं काम मुख्यतः यंत्रातली हवा काढण्याचं. पाणी पकडायचं काम कंडेन्सर करतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडेल.

२. माझा नमुना किती तासांत सुकेल? एक आकडा सांगा ना.

जाडी, आत विरघळलेले पदार्थ आणि भांडं कळल्याशिवाय आकडा देणं म्हणजे तुमची दिशाभूल करणं. तरी अंदाज हवाच असेल तर: पाण्यात थोडंच काही विरघळलेलं असेल आणि गोठलेला थर १ सेंटीमीटरच्या आत असेल, तर एका रात्रीपासून दीड दिवसापर्यंत धरा. ५० मिलीलिटरची ट्यूब उभी, काठोकाठ भरून लावली असेल तर तीन-चार दिवसही लागू शकतात. पहिल्यांदा सुकवत असाल तर दुप्पट वेळ राखून ठेवा आणि जाडी, भरलेलं प्रमाण, लागलेला वेळ वहीत लिहा. पुढच्या वेळी तुमचा स्वतःचा आकडा तुमच्याकडे असेल आणि तो माझ्या अंदाजापेक्षा खात्रीचा असेल.

३. सुकण्याचा वेग शेवटी ठरतो कशावर?

दोन गोष्टींवर: बर्फापर्यंत उष्णता किती पोचते आणि बर्फापासून वाफ किती सहज निघून जाते. यातली जी वाट अरुंद, तिचा वेग तोच तुमचा वेग.

आधी उष्णता. १ ग्रॅम बर्फाची वाफ करायला साधारण २.८ किलोजूल लागतात. तोच बर्फ नुसता वितळवायला त्याच्या आठव्या हिश्श्याइतकी उष्णताही पुरते. ती बाहेरून मिळाली नाही तर बर्फ स्वतःच थंड होत जातो. बर्फ थंड झाला की त्याचा बाष्पदाब (वाफ बाहेर ढकलण्याचा त्याचा जोर) झपाट्याने पडतो: उणे २० अंशांना तो १.०३ मिलीबार असतो, उणे ३० ला ०.३८, उणे ४० ला ०.१३ आणि उणे ५० ला जेमतेम ०.०४. म्हणजे दर दहा अंशांना साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. "फ्रीज ड्रायरमध्ये सगळं जितकं थंड तितकं चांगलं" असं वाटणाऱ्यांनी हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. कंडेन्सर थंड हवा. नमुना मात्र त्याला झेपेल तितका उबदार हवा.

आता वाफ. ०.१ मिलीबार दाबाला १ ग्रॅम बर्फाची वाफ ११ घनमीटरहून जास्त जागा घेते. एवढी वाफ नमुन्याच्याच सुकलेल्या भागातल्या बारीक छिद्रांतून, मग ट्यूबच्या तोंडातून, मग नळीतून बाहेर पडायची असते. सुरुवातीला वरचा थर नसतोच, म्हणून पहिले काही तास सुकणं जोरात चालतं. जसजसा बर्फ खाली सरकतो तसतसा सुकलेला थर जाड होतो आणि वेग मंदावतो. अर्धं एका रात्रीत सुकलं म्हणजे उरलेलंही एका रात्रीत सुकेल, हा हिशेब इथेच चुकतो.

४. ट्यूबमध्ये किती भरू?

मला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी हाच विचारेन: तुमच्या बर्फाची जाडी किती? जाडी दुप्पट केली की वेळ दुपटीहून जास्त वाढतो आणि अडथळा मुख्यतः सुकलेल्या थराचाच असेल तर चौपटीपर्यंत जातो. उलट तेवढंच द्रावण दोन ट्यूबांत वाटलं तर कितीतरी वेळ वाचतो. थर १ सेंटीमीटरच्या आत ठेवा, अर्धा सेंटीमीटर जमला तर उत्तमच.

५० मिलीलिटरच्या ट्यूबमध्ये ४० मिलीलिटर द्रावण उभं गोठवलं तर आठ-नऊ सेंटीमीटरचा खांब तयार होतो आणि वाफ निघायला वर रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं तोंड उरतं. तीच ट्यूब १५–२० मिलीलिटर भरून, झाकण घट्ट लावून फ्रीजरमध्ये जवळजवळ आडवी ठेवा. द्रावण ट्यूबच्या लांबीभर पसरून गोठतं, पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि नंतर ट्यूब उभी लावली तरी चालते.

गोल बुडाच्या फ्लास्कसाठी आतून अस्तर दिल्यासारखं गोठवणं सगळ्यात चांगलं. फ्लास्क तिरका धरून थंड अल्कोहोलच्या किंवा कोरड्या बर्फाच्या बाथमध्ये हळूहळू फिरवायचा. द्रावण भिंतीला पातळ कवचासारखं धरतं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग काचेवर पांढरी नक्षी धावत जाते आणि थर बसू लागतो. तिथे घाई करून फिरवणं थांबवलं की उरलेलं सगळं तळाशी एका गोळ्यात गोठतं आणि तो गोळाच शेवटपर्यंत रखडतो. फ्लास्क एक तृतीयांशाहून जास्त भरू नका.

५. द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवलं तर लवकर सुकेल ना?

बहुतेकांना हो वाटतं. पहिल्या टप्प्यात, म्हणजे बर्फ उडून जाण्याच्या काळात, घडतं उलटंच. झटकन गोठवलं की बर्फाचे स्फटिक बारीक आणि असंख्य होतात. बर्फ उडून गेल्यावर त्यांच्या जागी उरतात ती छिद्रंही बारीक, म्हणून वाफेला वाट काढणं अवघड जातं. सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे, छिद्रं रुंद आणि पहिला टप्पा लवकर संपतो.

पण याला दुसरी बाजू आहे. मोठ्या छिद्रांच्या नमुन्याचा आतला पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे शेवटी चिकटून राहिलेलं पाणी निघायला वेळ लागतो (प्रश्न १६ पाहा). शिवाय काही नमुन्यांत वेग हा मुद्दाच नसतो. ऊतीतल्या चयापचयाच्या क्रिया जागच्या जागी थांबवायच्या असतील तर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन हवाच. तिथे जास्तीचे तास आनंदाने द्यावेत. प्रथिनांच्या बाबतीत दोन्हीकडे धोका आहे: बारीक स्फटिकांमुळे बर्फाचा पृष्ठभाग वाढतो आणि त्याच्याशी लागून प्रथिनं बिघडू शकतात, तर फार सावकाश गोठवताना ती घट्ट झालेल्या क्षारांच्या द्रावणात बराच वेळ राहतात. तुमचं प्रथिन कशाला घाबरतं ते दोन छोट्या ट्यूबांवर आधी तपासा.

शेल्फचं (यंत्रातल्या नमुने ठेवायच्या फळीचं) तापमान ठरवता येत असेल तर मधला मार्ग आहे. नमुना पूर्ण गोठवायचा, मग उणे १५ ते उणे १० अंशांपर्यंत वर आणून काही तास तसाच ठेवायचा आणि पुन्हा खाली न्यायचा. या काळात बारीक स्फटिक विरतात, मोठे आणखी मोठे होतात. याला ॲनीलिंग म्हणतात. याचा आणखी एक फायदा होतो. स्वच्छ व्हायलमधलं (काचेच्या छोट्या बाटलीतलं) पाणी शून्याला गोठत नाही. कधी उणे १० ला, कधी उणे १५ च्याही खाली जाऊन अचानक गोठतं, आणि शेजारच्या दोन व्हायलसुद्धा वेगवेगळ्या तापमानाला गोठतात. त्यामुळे एकाच ट्रेमध्ये सुकण्याचा वेग वेगळा पडतो. ॲनीलिंगने ही तफावत बरीच मिटते.

६. उणे ८० च्या फ्रीजरमधून काढून लगेच लावलं, तरी फेस कसा आला?

"लगेच" म्हणजे किती, ते घड्याळ लावून बघा. पातळ प्लॅस्टिकच्या ट्यूबमधलं २०० मायक्रोलिटर द्रावण हातात धरल्या धरल्या कडेने सुटू लागतं. व्हॅक्यूम सुरू होताच तो वितळलेला भाग उकळतो आणि नमुना उसळून झाकणापर्यंत जातो. उपाय साधा आहे: यंत्र आधीच सुरू करून कंडेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, ट्यूबचा स्टँडही फ्रीजरमध्ये ठेवून त्याच्यासकट न्या, आणि मॅनिफोल्डवर (बाहेरून फ्लास्क जोडायच्या कळा असलेल्या नळीवर) फ्लास्क एकेक करून लावा. एक लावला की दाब वाढतो. तो पुन्हा खाली आल्याशिवाय दुसऱ्याची कळ फिरवू नका. दोन तासांनी फेस आला असेल तर मात्र कारण वेगळं आहे, प्रश्न ९ आणि ११ पाहा.

७. व्हॅक्यूम जितका खोल तितकं लवकर सुकतं का?

एका मर्यादेपर्यंत. यंत्रातला दाब नमुन्यातल्या बर्फाच्या बाष्पदाबापेक्षा कमी असलाच पाहिजे. नाहीतर वाफ निघणार नाही, बर्फ तापेल आणि वितळेल. पण दाब अगदी तळाला नेला तर शेल्फ आणि व्हायल यांच्या मधली विरळ हवाही संपते. व्हायलचं बूड थोडं आत वळलेलं असतं, त्या फटीतून उष्णता नेण्याचं काम ही हवा आणि वाफच करतात. ती गेली की नमुना थंड पडतो आणि वेग घटतो.

साधा ठोकताळा असा: नमुना ज्या तापमानाला ठेवायचा आहे त्या तापमानाच्या बर्फाचा बाष्पदाब घ्या आणि यंत्राचा दाब त्याच्या २० ते ३० टक्के ठेवा. नमुना उणे २५ अंशांना असेल तर बाष्पदाब ०.६३ मिलीबार, म्हणजे दाब ०.१३ ते ०.१९ च्या आसपास. दाब ठरवण्याची सोय नसलेल्या साध्या यंत्रात पंप जे देईल ते घ्यायचं; तिथे लक्ष जाडीकडे द्या.

८. आमचा कंडेन्सर उणे ५० चा आहे. उणे ८५ चा घेतला तर वेळ निम्मा होईल का?

पाण्यातल्या साध्या नमुन्यांसाठी नाही. उणे २५ अंशांच्या बर्फाचा बाष्पदाब ०.६३ मिलीबार. समोर उणे ५० चा कंडेन्सर असेल तर फरक ०.५९ चा, उणे ८५ चा असेल तर फरक ०.६३ च्या जवळ. म्हणजे फायदा फार तर सहा-सात टक्क्यांचा, तोही बाकी अडथळे नाहीत असं धरून.

नमुना उणे ४५ अंशांना ठेवावा लागत असेल तर गणित बदलतं. तिथे बाष्पदाब फक्त ०.०७ मिलीबार, आणि उणे ५० चा कंडेन्सर त्यातला निम्म्याहून जास्त खाऊन टाकतो. अशा नमुन्यांना आणि सेंद्रिय द्रावकांना जास्त थंड कंडेन्सर खरोखर लागतो. कंडेन्सर नमुन्यापेक्षा १५–२० अंशांनी थंड असला की पुरे.

९. शेल्फचं तापमान वाढवलं तर काम लवकर होईल का?

होईल, आणि हा सगळ्यात मोठा मोह आहे. नमुन्याचं तापमान १ अंशाने वाढलं की पहिल्या टप्प्याचा वेळ साधारण १३ टक्क्यांनी घटतो, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. पण प्रत्येक नमुन्याला एक छत असतं. क्षारांसारख्या स्फटिक होणाऱ्या पदार्थांत ते छत म्हणजे युटेक्टिक तापमान, ज्याच्या वर गोठलेलं मिश्रण वितळू लागतं. मिठाच्या पाण्यासाठी उणे २१ अंश. साखरेसारख्या पदार्थांत ते म्हणजे घट्ट झालेला काचेसारखा भाग मऊ पडण्याचं तापमान: सुक्रोजला उणे ३२ च्या आसपास, ट्रेहॅलोजला उणे ३०, लॅक्टोजला उणे २८, ग्लुकोजला थेट उणे ४३. छत ओलांडलं की सुकलेला सांगाडा स्वतःच्याच छिद्रांत ढासळतो, वाफेच्या वाटा बुजतात आणि लवकर सुकवायला गेलेला नमुना कधीच नीट सुकत नाही.

मी स्वतः हे एकदा केलं आहे. सुक्रोज घातलेलं एक प्रथिन होतं, सकाळपर्यंत हवं होतं, म्हणून रात्री शेल्फ शून्याच्या वर नेऊन घरी गेले. सकाळी व्हायलमध्ये पांढऱ्या, हलक्या केकच्या (सुकलेल्या सच्छिद्र गोळ्याच्या) जागी तळाला चिकटलेला मधासारखा पारदर्शक थर होता, मध्ये दोन-तीन फुगलेले बुडबुडे. टोचल्यावर तार निघाली. तीन आठवड्यांचं शुद्धीकरण गेलं.

शेल्फचा आकडा म्हणजे नमुन्याचं तापमान नव्हे, हेही इथेच सांगते. बर्फ उडत असताना नमुना स्वतःला थंड करत असतो. शेल्फ उणे १० ला असताना नमुना उणे ३३ ला असू शकतो. बर्फ संपला की तो शेल्फच्या तापमानाकडे चढतो. म्हणून शक्य असेल तर एका व्हायलमध्ये तळाला टेकेल अशी तापमानाची तार ठेवा आणि तिच्यावर विश्वास ठेवून शेल्फ टप्प्याटप्प्याने वाढवा.

१०. मॅनिफोल्डवरच्या फ्लास्कला उष्णता मिळते कुठून? गरम हवा मारली तर?

खोलीतल्या हवेतून. खोली खूप थंड असेल तर फ्लास्क हळू सुकतात, आणि फ्लास्कवर जाड दव जमलं तर तेही आड येतं. पातळ कवचासारखं गोठवलेलं आणि क्षार-साखर जवळजवळ नसलेलं द्रावण असेल तर फ्लास्कखाली खोलीच्या तापमानाच्या पाण्याचं भांडं धरायला हरकत नाही. गरम हवा मात्र नको. ती एकाच बाजूला लागते, तिथला थर सुटून खाली घसरतो आणि बाकीचा तसाच राहतो. उलट बाजूही आहे: छत खूप खाली असलेले नमुने खोलीच्या उष्णतेनेच ढासळतात. अशांना मॅनिफोल्ड नको, थंड शेल्फ हवं.

११. बफरमधला नमुना साध्या पाण्यातल्यापेक्षा इतका उशिरा का सुकतो?

बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण, आणि विरघळलेला प्रत्येक पदार्थ सुकलेल्या थरात मागे राहतो आणि वाफेची वाट अडवतो. शिवाय छत खाली ओढतो (प्रश्न ९). पीबीएसमध्ये (मीठ आणि फॉस्फेटच्या नेहमीच्या बफरमध्ये) लिटरला जवळपास १० ग्रॅम क्षार असतात. १० मिलीलिटर पीबीएसमध्ये तुमचं १ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर शेवटी हातात येते ती सुमारे १०० मिलिग्रॅम मिठाची पूड आणि त्यात हरवलेलं प्रथिन. त्याहून वाईट म्हणजे गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन वेगळं पडतं आणि उरलेल्या द्रावणाचा पीएच बराच खाली घसरतो. आम्लाला नाजूक असलेली प्रथिनं तिथेच जातात, आणि दोष मात्र सुकवण्याला लागतो.

चालत असेल तर आधी डायलिसिस किंवा डीसॉल्टिंग करून (म्हणजे क्षार काढून टाकून) अमोनियम बायकार्बोनेटमध्ये या. ते स्वतःही उडून जातं. बफर ठेवणं भागच असेल तर हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या बफरचा विचार करा. त्याचा पीएच गोठताना सोडियम फॉस्फेटसारखा घसरत नाही.

१२. १० टक्के ग्लिसरॉल आहे. जास्त दिवस ठेवलं तर सुकेल का?

नाही. ग्लिसरॉलचा बाष्पदाब इतका कमी आहे की ते तिथेच राहणार, आणि पाण्याबरोबर त्याचं छत उणे ६५ अंशांच्या आसपास आहे. कितीही दिवस ठेवलं तरी चिकट पाकच मिळेल. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक) शुद्ध असताना १८.५ अंशांनाच गोठतं म्हणून फसायला होतं. पाण्यात मिसळलं की ते मिश्रण फार खालपर्यंत द्रव राहतं आणि अतिशय सावकाश निघतं. दोन्ही आधी काढून या.

१३. एचपीएलसीमधून आलेल्या फ्रॅक्शनमध्ये ॲसिटोनायट्राइल आहे. चालेल?

तसंच लावलं तर नाही. (एचपीएलसी ही मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची पद्धत, तिच्यातून निघालेला एकेक भाग म्हणजे फ्रॅक्शन आणि ॲसिटोनायट्राइल हा त्यातला सेंद्रिय द्रावक.) शुद्ध ॲसिटोनायट्राइल उणे ४५ अंशांच्या आसपास गोठतं, मिथेनॉल उणे ९८ ला, इथेनॉल उणे ११४ ला. नमुना वरून पांढरा, टणक दिसतो, पण आत द्रव कप्पे राहतात आणि व्हॅक्यूमखाली तेच उसळतात. द्रावकाची बरीचशी वाफ उणे ५० च्या कंडेन्सरला चुकवून पंपाच्या तेलात जाते. तेल खराब झालं की दाब चढतो आणि त्या दिवशी लावलेल्या सगळ्यांचेच नमुने रखडतात. सामाईक यंत्रावर हे करू नका, ही कळकळीची विनंती.

आधी रोटरी इव्हॅपोरेटरवर किंवा नायट्रोजनच्या झोताखाली द्रावक काढा, मग पाणी घालून पातळ करा आणि गोठवा. टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल) असेल तर पंपाआधी आम्ल पकडणारा सापळा हवा.

एका द्रावकाचं मात्र कौतुक करावंसं वाटतं. टर्शरी ब्युटेनॉल २५ अंशांनाच गोठतं, त्याचा बाष्पदाब भरपूर असतो आणि थोड्या प्रमाणात पाण्यात घातलं तर बर्फाचे स्फटिक सुयांसारखे लांब होतात. त्या सुयांच्या जागी उरलेल्या वाटांतून वाफ सहज निघते. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांसाठी ते माझी पहिली निवड असतं.

१४. झाकणाऐवजी पॅराफिल्म लावून सुईने भोकं पाडली. पुरेशी आहेत का?

पॅराफिल्म म्हणजे ताणून बसवायची मेणचट पट्टी; १.५ मिलीलिटरच्या ट्यूबला तिच्यात पाच-सहा भोकं चालतात. मोठ्या ट्यूबला तेवढ्यावर भागणार नाही. प्रश्न ३ मधला ११ घनमीटरचा आकडा आठवा. तंतू न सुटणारा टिश्यू तोंडावर ताणून रबरबँड लावणं जास्त चांगलं. वाफ जाते, आणि हलकी पूड उडून शेजारच्या ट्यूबमध्येही पडत नाही. भोकं पाडलेलं पॅराफिल्म फुग्यासारखं फुगलेलं दिसलं तर भोकं कमी आहेत असं समजा.

१५. एका वेळी किती नमुने लावू? कडेच्या व्हायल नेहमी आधी का सुकतात?

नमुन्यांची संख्या मोजू नका, पाणी मोजा. सगळ्यांच्या पाण्याची बेरीज करा आणि ती कंडेन्सरच्या क्षमतेच्या बरीच आत ठेवा. एकदम जास्त वाफ आली तर यंत्रातला दाब चढतो आणि सगळेच नमुने गरम होतात. अर्धे सुकलेले असताना नवा ओला फ्लास्क जोडला तर तेच घडतं, म्हणून मधेच जोडायचं असेल तर आधी विचारा.

कडेच्या व्हायलना दाराकडून आणि भिंतींकडून प्रारणाने जादा उष्णता मिळते, मधल्यांना शेजारच्या थंड व्हायलच घेरून असतात. किमती नमुना असेल तर बाहेरची एक रांग नुसत्या पाण्याच्या व्हायलची लावा. आणि सुकलं की नाही हे नेहमी मधल्या व्हायलकडे बघून ठरवा.

१६. पूर्ण सुकलं हे ओळखायचं कसं?

डोळ्यांना आधी फसवतो तो पहिला टप्पा. बर्फ संपला की केक पांढरा, कोरडा दिसतो. पण पदार्थाला चिकटलेलं पाणी अजून आत असतं. ते काढायला तापमान २० ते ४० अंशांपर्यंत सावकाश नेऊन आणखी काही तास द्यावे लागतात. हा दुसरा टप्पा. त्यानंतर साधारण १ ते ३ टक्के ओल उरते आणि बहुतेक कामांना ती चालते.

फ्लास्कसाठी हाताची परीक्षा चांगली: बाहेरचं दव गेलं, आणि तळहाताला काच खोलीइतकीच उबदार लागली की बर्फ संपला. कुठे एखादा वाटाण्याएवढा थंड ठिपका लागला तर त्याच्यामागे बर्फ आहेच. शेल्फच्या यंत्रात नमुन्याचं तापमान शेल्फला येऊन मिळालं का ते बघा. दोन प्रकारचे दाबमापक असतील तर आणखी सोपं: पिरानी मापक पाण्याच्या वाफेत खऱ्या दाबाच्या सुमारे १.६ पट दाखवतो, कपॅसिटन्स मापक खरा दाब दाखवतो; वाफ संपली की दोन्ही आकडे जवळ येतात. यातलं काहीच नसेल तर तराजू आहेच. चार तासांच्या अंतराने दोनदा वजन तेच आलं तर थांबा.

१७. पानं, फळांचे तुकडे, ऊती यांना वेगळा वेळ लागतो का?

हो, कारण निसर्गाने त्यांना पाणी धरून ठेवायलाच घडवलं आहे. सालीवरचा मेणचट थर वाफ अडवतो; अख्खी द्राक्षं लावलीत तर आठवडा जाईल. काप करा, किंवा द्रव नायट्रोजनमध्ये कुटून पूड करा. पानाचं पातं कुरकुरीत झालेलं असतं तेव्हाही देठ आणि मधली शीर ओली असते, म्हणून पातं चुरगळून निष्कर्ष काढू नका. देठ मोडून बघा, कटकन तुटला पाहिजे. गोड फळांच्या गरात ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर असल्यामुळे तो चामड्यासारखा होतो (प्रश्न ९). चरबी सुकत नाही, तशीच राहते; चरबीदार ऊतीचा तेलकटपणा म्हणजे ओल समजू नका.

१८. वरून कोरडं, आत ओलं निघालं. आता?

आतला भाग अजून टणक बर्फ असेल तर लगेच उणे ८० ला ठेवा आणि पुन्हा लावा. वितळला असेल तर सुकलेला भाग स्पंजसारखा ते पाणी ओढून घेतो. मग थोडं पाणी घालून सगळं एकजीव करा आणि पातळ थरात नव्याने गोठवा. आहे तसंच परत लावलं तर फेसाळेल.

१९. मागच्या महिन्यापर्यंत रात्रीत व्हायचं, आता तेच तीन दिवस घेतं. नमुना तोच, पद्धत तीच.

आता यंत्राकडे बघायची वेळ आली. मी या क्रमाने जाते.

आधी कंडेन्सरवरचा बर्फ. बर्फ उष्णता नीट वाहून नेत नाही. थर सेंटीमीटरभर झाला की वरचा पृष्ठभाग आकड्यात दिसतो तेवढा थंड राहत नाही. प्रत्येक वापरानंतर वितळवून पुसा.

मग गळती. कंडेन्सर थंड आणि कोरडा, एकही नमुना न लावता यंत्र चालवा आणि दाब कुठवर उतरतो ते नेहमीच्या आकड्याशी ताडून बघा. उतरला नाही तर मॅनिफोल्डच्या कळा एकेक करून तपासा. एकदा आम्ही दोन दिवस शोधत होतो. शेवटी दाराच्या रबरी कड्यावर आडवा पडलेला टिश्यूचा एक तंतू सापडला. केसाएवढा. पुसून ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आणि दहा मिनिटांत दाब जागेवर आला.

मग पंपाचं तेल. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, काळपट असेल तर बदला. काम संपल्यावर पंपाची गॅस बॅलास्ट (थोडी हवा आत घेणारी झडप) उघडून अर्धा तास चालवला तर तेलातलं बरंच पाणी निघून जातं. हे सगळं ठीक असेल तर दाबमापकच मळला असेल.

२०. रात्री वीज गेली होती. नमुना गेला का?

किती वेळ गेली आणि नमुना किती सुकला होता यावर आहे. काही मिनिटं गेली आणि व्हॅक्यूम टिकला असेल तर बहुतेक काही होत नाही. तास उलटले असतील तर कंडेन्सरवरचा बर्फ वितळतो आणि ती ओल सुकलेल्या नमुन्याकडे परत जाते. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू झालं म्हणून निश्चिंत राहू नका. नमुना उघडून बघा. ओला किंवा आक्रसलेला असेल तर प्रश्न १८ प्रमाणे करा.

२१. सुकलेला नमुना बाहेर काढल्यावर पुन्हा चिकट का झाला?

छिद्राछिद्रांचा कोरडा केक हवेतली ओल काही मिनिटांत ओढतो, साखरेचा तर डोळ्यांदेखत आक्रसतो. व्हॅक्यूम सोडताना हवेऐवजी कोरडा नायट्रोजन आत घ्या आणि तोही सावकाश, नाहीतर पूड उडेल. थंड शेल्फवरून थेट काढू नका. नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्याच्यावर दव धरेल. झाकणं आधीच उघडून, ओळीने हाताशी ठेवा. दार उघडलं की आधी झाकणं लावा, नावं आणि तारखा नंतर लिहा.